शब्द गेलेल्यांचे, रचना शेजाऱ्यांची

मरण घडलेल्या घरी समाचाराला गेलेला माणूस काय बोलावे हे न सुचून जे बोलतो, त्यालाच आपल्याकडे बऱ्याचदा श्रद्धा म्हटले जाते. देवाची इच्छा होती. होते ते बऱ्यासाठीच. झाले गेले विसरा, तो याहून चांगले देईल. ख्रिस्ती घरांत या वाक्यांना एखाद्या वचनाची जोड मिळते, एवढाच फरक. बाहेरून पाहणारा चिकित्सक माणूसही मनात हेच धरून चालतो की ख्रिस्ती धर्म हे दुःखावरचे एक औषध आहे आणि दुखणे जाणवेनासे करणे हा त्या औषधाचा गुण. भाविक त्याला कृपा म्हणतो, टीकाकार अफू म्हणतो; श्रद्धेचे काम काय, याबद्दल मात्र दोघांचे एकमत असते.

माझे म्हणणे असे की हे एकमतच उथळ आहे. ख्रिस्ती श्रद्धा माणसाला पुढे नेते ती हानीचा विसर पाडून नव्हे, आणि गेलेले परत मिळवून देऊनही नव्हे. ती हानीला राहायला जागा देते. ही जागा शब्दांत असते, तिथीत असते, विधीत असते, कामात असते. आणि अशी जागा मिळालेली हानी माणसाला बरोबर घेऊन चालता येते. या विधानाचा निम्मा पुरावा बायबलमध्ये आहे. उरलेला रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशी, पावणेतीनशेहून अधिक वर्षे नांदतो आहे. आधी तोच पाहू.

तहात दिलेला किनारा

रेवदंड्याहून कुंडलिका ओलांडून मुरुडच्या रस्त्याला लागले की समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला दिसतो. पोर्तुगीज या सोंडेला ‘मोरो’ म्हणत. चौलला किल्ला बांधण्याची परवानगी त्यांना अहमदनगरच्या निजामशाहीकडून १५२१ मध्ये मिळाली. मोरो त्यांनी १५९४ मध्ये लढून घेतला. रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत त्यांच्या चौल शहराचा कोट अजून आहे, देवळांच्या भिंती आहेत, आणि गावकरी ज्याला ‘सातखणी’ म्हणतात तो फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा आहे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याच सुमारास मराठी फौजा गोव्यातल्या साष्टीतही उतरल्या होत्या. १७४० मध्ये तह झाला. मराठ्यांनी साष्टी-बारदेशातून मागे फिरावे आणि पोर्तुगिजांनी चौल व कोर्लई सोडावे, असा तो व्यवहार होता. गोवा राखायला चौल दिले गेले. मुत्सद्देगिरीच्या हिशेबात यात काही वावगे नाही. दोन्ही बाजूंना जे हवे होते ते मिळाले. किंमत म्हणून जे दिले गेले त्यांना मात्र कुणी विचारले नव्हते.

मागे राहिलेले ख्रिस्ती लोक इथलेच, किंवा निम्मे इथले होते. ज्यांच्याकडून बाप्तिस्मा मिळाला, ज्यांची भाषा घरात आली, ज्यांच्या कोटात चाकरी केली, ते गेले. इथे हानी आणि अपेक्षाभंग यांत फरक केला पाहिजे. माणूस मेला तर हानी होते. ज्याच्या भरवशावर सारे उभे केले तो जिवंत असून पाठ फिरवतो, तेव्हा अपेक्षाभंग होतो. हानीत निदान दोष कुणाला द्यावा हा प्रश्न नसतो. अपेक्षाभंगात तोच प्रश्न रात्रंदिवस छळतो, आणि विश्वासावरचाच विश्वास उडतो. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांवर १७४० मध्ये आला तो प्रसंग या दुसऱ्या जातीचा होता.

भाषेने दिलेली साक्ष

अशा समाजापुढे ठोकळमानाने तीन वाटा असतात. गेलेल्यांच्या मागोमाग जावे. आसपासच्या लोकांत विरघळून जावे. किंवा ते परत येतील म्हणून दार उघडे ठेवून बसावे. कोर्लईत चौथेच काही घडले. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती टिकली, कार्मेल मातेचे देऊळ टिकले, आणि एक भाषा टिकली. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज शब्दांवर उभी राहिलेली ही मिश्रभाषा बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या अभ्यासातली एक गोष्ट माझ्या मुद्द्याला फार जवळची आहे. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद सहसा मध्ये येते, कर्म त्याच्यानंतर. मराठीत क्रियापद शेवटी बसते. कोर्लईच्या भाषेत शब्दसंपत्ती बरीचशी पोर्तुगीज राहिली. वाक्याची ठेवण मात्र पिढ्यांमागून पिढ्या मराठीकडे सरकत गेली आणि क्रियापद शेवटी येऊन बसले. शब्द गेलेल्यांचे आणि रचना शेजाऱ्यांची, असे हे मिश्रण आहे. हा समाज विसरला असता तर शब्द उरले नसते. तो नुसता वाट पाहत बसला असता तर रचना बदलली नसती.

ही भाषा कुणी ठरवून घडवली नाही, आणि म्हणूनच ती साक्ष म्हणून मोलाची आहे. माणसे आपल्या दुःखाविषयी जे सांगतात त्यात सांगणाऱ्याची सोय मिसळलेली असते. क्रियापदाची जागा कुणाच्या सोयीने बदलत नाही.

पौल नेमके काय विसरला?

आता उलट बाजूच्या हुकमी वचनाकडे येऊ. ‘मागचे विसरा आणि पुढे चला’ या उपदेशाला आधार म्हणून फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय दाखवला जातो. मागील गोष्टी विसरून पुढच्यांकडे झेपावण्याची भाषा प्रेषित पौलाने तिथे खरोखरच केली आहे. पण तो काय विसरायला निघाला आहे ते त्याच अध्यायात थोडे वर लिहिलेले आहे आणि उपदेशक नेमके तेवढे वगळतात. पौल तिथे आपली वंशावळ सांगतो, बन्यामिनाचे कूळ सांगतो, परूशी म्हणून आपली कडवी निष्ठा सांगतो, नियमशास्त्राप्रमाणे आपण निर्दोष होतो हे सांगतो. हा सगळा त्याच्या जमेचा हिशेब आहे आणि तोच तो तोट्यात मांडतो. धावणाऱ्याने किती अंतर कापले हे मोजत बसू नये, असा त्या रूपकाचा रोख आहे. आपल्या जखमा विसराव्यात असे तो म्हणत नाही. म्हणणे शक्यही नव्हते, कारण ते पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे आणि बेड्यांचा उल्लेख त्यात पुन्हा पुन्हा येतो. मोठेपणा विसरायला सांगणारे वचन आपण शोक विसरायला सांगण्यासाठी वापरतो. बायबलच्या लोकप्रिय वाचनात यापेक्षा सोयीस्कर उलटापालट मला तरी दिसलेली नाही.

ईयोबाची मुले

दुसरा लाडका आधार ईयोबाचा. त्याचे सारे गेले, त्याने देवाला सोडले नाही, शेवटी देवाने दुप्पट दिले, अशी ती गोष्ट सांगितली जाते. पुस्तकातले आकडे मात्र काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. मेंढरे ७,००० होती, ती १४,००० झाली. उंट ३,००० चे ६,००० झाले. बैलजोड्या, गाढवी, सगळे दुप्पट. मुलांची संख्या मात्र दुप्पट झाली नाही. आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या. नंतरही सात मुलगे आणि तीन मुलीच झाल्या. जनावर गेले तर त्याच्या जागी जनावर येते. मेलेल्या लेकरांची जागा पुढच्या लेकरांनी भरत नाही, हे ते पुस्तक आकड्यांतून सांगून जाते. ईयोब मरेपर्यंत वीस मुलांचा बाप राहिला. त्यांतली दहा पुरलेली होती.

त्याहून महत्त्वाचा आहे शेवटचा निवाडा. ईयोबाचे मित्र अध्यायच्या अध्याय देवाची बाजू मांडतात, दुःखामागे कारण असलेच पाहिजे असे पटवून देतात. ईयोब तक्रार करतो, देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसे तुम्ही योग्य बोलला नाही, अशा अर्थाचा तो निर्णय आहे. समाचाराला जाणाऱ्या प्रत्येकाने, उंबरठ्यावर पाऊल ठेवण्याआधी, हा निर्णय वाचावा.

अम्माऊसची वाट कुठे वळते

अपेक्षाभंगाविषयी मात्र ईयोबापेक्षा लूकच्या चोविसाव्या अध्यायाकडे गेले पाहिजे. क्रूसावर मरण पावलेल्या येशूचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसकडे निघाले आहेत. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्याला ते सांगतात ते सगळे भूतकाळात आहे: आम्हाला त्याच्याकडून आशा होती. आहे असे ते म्हणत नाहीत. तो सोबती त्यांना गप्प करत नाही, विषय बदलत नाही. तो त्यांच्याकडून सगळी हकीकत पहिल्यापासून वदवून घेतो आणि मग तीच हकीकत जुन्या ग्रंथांच्या क्रमात लावून परत त्यांच्यापुढे ठेवतो. शब्द त्यांचेच राहतात आणि रचना नवी होते. भाकर मोडताना तो सोबती म्हणजे येशूच, अशी त्यांना ओळख पटते, आणि त्याच रात्री ते उठून मागे फिरतात, यरुशलेमला, जिथे सारे संपले होते त्याच गावी. या कथेतले ‘पुढे जाणे’ नकाशावर काढले तर बाण मागे वळलेला दिसेल.

आणि त्या गावी त्यांना भेटणारे शरीर कसे आहे? योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य थोमा त्याला हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांवरून ओळखतो. मरणावर मात करून उठलेल्या देहावर जखमेची खूण राहावी, ही जगातल्या विजयकथांच्या रीतीला सोडून असलेली गोष्ट आहे. ती पुसली गेली असती तर पुनरुत्थान ही एक दुरुस्ती झाली असती आणि क्रूस हा विसरण्याजोगा अपघात.

जागा म्हणजे काय, तर काम

हानीला जागा देणे म्हणजे फक्त मेणबत्ती लावणे नव्हे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती परंपरेत याची दोन उदाहरणे इतकी ठळक आहेत की ती टाळून पुढे जाता येत नाही.

पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोयीच्या गोष्टीप्रमाणे इथे जखम भरायला हवी होती. प्रत्यक्षात १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुली आणायला निघाल्या तेव्हा त्यांना ओढत होती ती आपल्याच घरच्या उपासमारीची आठवण. ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. केडगावचे मुक्ती सदन विसरण्यातून उभे राहिलेले नाही. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत त्या आपल्या मराठी बायबलचे काम करत होत्या.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, नवरा जिवंत असून नसल्यासारख्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते, पहिले दहाएक अध्याय लिहून झालेले. शालेय शिक्षण न झालेल्या या बाईने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. (‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र वाचताना आपण हसतो, आणि ती हसवणारी बाई आपल्या विटंबनेचीच हकीकत सांगते आहे हे नंतर ध्यानात येते. तो शोक करण्याचाच एक प्रकार आहे, आणि मराठीत तसा दुसरा नाही.) गेलेल्याचे अपुरे काव्य बाईंनी पेटीत जपून ठेवले असते तर ते स्मारक झाले असते, त्यात आपले शब्द घातल्याने ते चालू राहिले.

आक्षेप पहिला: हे श्रद्धेने नव्हे, एकटेपणाने टिकले

समाजशास्त्रज्ञ म्हणेल, कोर्लईत भाषा टिकली ती वस्ती आडबाजूला होती म्हणून, जातीने आणि धर्माने शेजाऱ्यांशी सोयरीक बंद होती म्हणून. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण एकटेपणाने टिकून राहणे एवढेच उलगडते. काय टिकले आणि कोणत्या रूपात, ते उलगडत नाही. या किनाऱ्यावर वेगळे राहणारे गट पुष्कळ होते. कोर्लईच्या लोकांना वर्षाला बांधणारे जे होते ते देवळातून येत होते: चाळीस दिवसांचा उपवासकाळ, वेदी उघडी पडण्याचा पवित्र गुरुवार, मिस्साच होत नाही असा पवित्र शुक्रवार, जुलैतला कार्मेल मातेचा सण, २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. सत्ता गेली तरी पंचांग गेले नाही. पोर्तुगीज प्रार्थनांशी नाते विसाव्या शतकातही होते; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकापासून, देवळातही मराठी आली. एकटेपणाने भिंत दिली असेल. आत दर वर्षी दिवा कुणी लावला, हा प्रश्न उरतोच.

आक्षेप दुसरा: ही हानी नेमकी कुणाची?

हा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि त्याला बगल देणारा लेख लिहू नये. पोर्तुगीज अमलात हिंदू देवळे पाडली गेली, धर्मांतरात जबरदस्ती झाली, १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय होते. वसईचा विजय उत्तर कोकणातल्या असंख्य घरांत सुटका म्हणून साजरा झाला. वसई मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीत टांगलेल्या आहेत, आणि त्या वाजताना कुणाला हानी आठवत नाही. मग कोर्लईच्या शोकाला एवढे महत्त्व का?

कारण एकाची सुटका ही दुसऱ्याची हानी असू शकते, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. कोर्लईत मागे राहिलेले लोक धर्मन्यायालय चालवत नव्हते. साम्राज्याच्या उतरंडीत ते बरेच खाली होते, आणि साम्राज्य मागे सरकले तेव्हा पहिल्यांदा सोडले गेले. शिवाय या आक्षेपातूनच माझ्या बाजूचा एक मुद्दा निघतो. श्रद्धा हे जर फक्त सत्तेचे शेपूट असते तर सत्ता तुटताच ते गळून पडायला हवे होते. बाप्तिस्मा देणाऱ्याने दगा दिल्यावरही बाप्तिस्मा टिकतो, तेव्हा तो देणाऱ्याच्या मालकीचा राहिलेला नसतो. १७४० पर्यंत कोर्लईचे ख्रिस्तीपण पोर्तुगिजांचे होते असे कुणी म्हणावे. त्यानंतरचे कोर्लईचेच आहे.

आक्षेप तिसरा: हे तर जखम उघडी ठेवणे झाले

मानसिक आरोग्याच्या बाजूने विचारले जाईल की शोक बरोबर घेऊन चालणे म्हणजे त्यातच बुडून राहणे नव्हे काय. असे होऊ शकते. अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. त्याला स्तोत्र ऐकवून घरी बसवणे हे पाप आहे असेच मी म्हणेन. पण इथे जागा देणे म्हणजे मर्यादाही देणे, हे ध्यानात घ्यायला हवे. यरुशलेमच्या विध्वंसावरचे ‘विलापगीत’ पाच अध्यायांचे आहे. त्यांतले पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. आक्रोशाला पहिले अक्षर दिले आहे आणि शेवटचेही. पाचव्यात ओळी बावीसच आहेत, पण वर्णक्रम सुटलेला आहे. जणू चार वेळा सावरून बोललेल्या माणसाचा पाचव्यांदा धीर सुटला, तरी माप त्याने सोडले नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेकांत शेवटाकडे आशेचे वळण येते, आणि अठ्ठ्याऐंशीव्यात ते येतच नाही. ते अंधारात संपते, आणि तरीही त्याला उपासनेच्या पुस्तकात जागा आहे. विस्मृतीचा आग्रह धरणाऱ्या प्रार्थनासभांत ते क्वचितच वाचले जाते, यात आश्चर्य नाही.

आक्षेप चौथा: यात ख्रिस्ती असे काय आहे?

इतरही हे करतातच. याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला, बेने इस्रायल हे ज्यू लोक आपल्या बुडालेल्या जहाजाची आठवण शतकानुशतके सांभाळत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गाव त्यांना ओळखत राहिले. हिंदू घरात पितृपक्ष आहे, मुसलमानांत चाळिसावा आहे. मक्तेदारीचा दावा मी करत नाही. फरक असेल तर तो जागेचा आहे. ख्रिस्ती श्रद्धेत हानी ही देवापुढे आणायची वस्तू राहत नाही, ती देवाच्याच चरित्रात आहे. पराभूत, सोडून दिलेला, मित्रांनी नाकारलेला माणूस पूजेच्या मध्यभागी आहे. त्यामुळे कोर्लईसारख्या सोडून दिलेल्या लोकांना आपली कथा सांगायला वेगळी भाषा शोधावी लागली नाही. वेदीवर ती आधीच टांगलेली होती.

उरलेला प्रश्न

या विवेचनाला एक अडचण आहे आणि ती मला सोडवता आलेली नाही. कोर्लईत शाळा मराठी आहे, बाजार मराठी आहे, प्रार्थना मराठी आहे. नोकरीसाठी तरुण मुंबईकडे जातात. हजाराच्या आसपास माणसे बोलतात ती भाषा एक-दोन पिढ्यांत संपणे अशक्य नाही. क्रियापद मराठीच्या जागी गेलेच आहे. शब्दही एकेक करून जातील. मग हानीला दिलेली ती जागाच गेली, तर श्रद्धेने काय राखले असे म्हणायचे?

उत्तर माझ्यापाशी नाही, पण याच किनाऱ्यावरचे एक दृश्य आठवते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आदळले आणि पोफळीच्या बागा तासाभरात आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावले तर पीक हाती यायला वर्षे जातात. साठी ओलांडलेले बागायतदार तरीही लावत होते. कोर्लईतही आज एखादी आजी नातवाला ‘नॉ लिंग’मध्ये झोपवत असेल, आणि नातू उत्तर मराठीत देत असेल. त्या दोघांत तुटते आहे ते काय आणि चालू आहे ते काय, हे भाषेच्या मोजदादीत कळणार नाही. तो नातू २ नोव्हेंबरला कुणाच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो, आणि लावताना मराठीतून का होईना, कुणाचे नाव घेतो, तिथे पाहावे लागेल.